आईचे दूध, बोअरचे पाणी आणि रावेरची केळी : पिकांत किरणोत्सर्गी धातू खरोखर किती येतात?

नोव्हेंबर २०२५ मध्ये एका बातमीने बऱ्याच घरांत घबराट पसरली. बिहारमधल्या सहा जिल्ह्यांतील ४० स्तनदा मातांच्या दुधाचे नमुने तपासले गेले आणि त्यात युरेनियम सापडले. पाटण्याचे महावीर कॅन्सर संस्थान, दिल्लीचे एम्स आणि इतर संस्थांच्या संशोधकांचे हे काम ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुधातले सर्वाधिक प्रमाण लिटरला ५.२५ मायक्रोग्रॅम होते. बातमी आपल्याकडे पोहोचेपर्यंत मात्र आकडे गळून पडले आणि ‘आईच्या दुधात युरेनियम’ एवढेच उरले. त्यानंतर ओपीडीत दोन प्रश्न वारंवार आले. नव्या आया विचारत, “बाळाला पाजू की नको?” रावेर-यावलकडचे शेतकरी विचारत, “डॉक्टरसाहेब, पाण्यातून हे आपल्या केळीत, भाजीत येत असेल का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो.

बाळाला पाजत राहा

युरेनियम म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. पण निसर्गात सापडणारे युरेनियम फार मंदपणे किरणोत्सर्ग करते. एक मायक्रोग्रॅम युरेनियमची सक्रियता साधारण ०.०२५ बेकरेल असते. एका सेकंदाला एक अणू फुटला तर ते एक बेकरेल. म्हणजे बिहारच्या त्या सर्वाधिक नमुन्यात युरेनियममुळे लिटरला सुमारे ०.१३ बेकरेल सक्रियता होती. जगातल्या कोणत्याही आईच्या दुधात नैसर्गिक पोटॅशियममुळे लिटरला १५ बेकरेलच्या आसपास सक्रियता मुळातच असते. दोन्हींचे किरण सारखे नसतात, युरेनियमचे अल्फा किरण शरीरात जास्त इजा करतात, हे धरूनही ही भर किरकोळ ठरते.

पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमची खरी चिंता मूत्रपिंडाची आहे. शिसे किंवा कॅडमियम करतात तशी ती रासायनिक इजा असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा याच कारणाने घातली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सदस्य आणि अणुशास्त्रज्ञ डॉ. दिनेश अस्वाल यांनी बातमीनंतर लगेच सांगितले की, दुधातले प्रमाण या मर्यादेच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतके आहे. पण अभ्यासाचे लेखक म्हणतात की, सुमारे ७० टक्के बाळांमध्ये कर्करोगाव्यतिरिक्तच्या त्रासाची सैद्धांतिक शक्यता दिसते. वाचकाला हा विरोधाभास वाटतो. फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाण्याची मर्यादा प्रौढ माणूस डोळ्यांसमोर ठेवून ठरते. संशोधकांनी बाळाच्या वजनाच्या हिशेबाने धोका मोजला, आणि असे हिशेब मुद्दामच अतिसावध ठेवलेले असतात. त्या बाळांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळली, असे अभ्यासात कुठेही म्हटलेले नाही. स्तनपान थांबवू नका, हेही संशोधकांनीच सांगितले.

याचा साधा हिशेब करून पाहा. पाच किलोचे बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पिते. सर्वाधिक नमुना धरला तरी त्याच्या पोटात चार मायक्रोग्रॅमपेक्षा कमी युरेनियम जाते, आणि त्यातलेही बहुतेक शीतून निघून जाते. आता घाबरून आईने पाजणे बंद केले आणि डब्याची पावडर बोअरच्या पाण्यात कालवली. त्या पाण्यात मर्यादेच्या तिसरा हिस्सा, म्हणजे लिटरला दहाच मायक्रोग्रॅम युरेनियम असले, तरी बाळाच्या पोटात सात-साडेसात जाईल. शिवाय जुलाब, जंतुसंसर्ग आणि बाटलीचा खर्च आहेच. बातमी वाचून बाटली सुरू करणे हा या सगळ्यातला सर्वांत वाईट निर्णय ठरेल.

मुळाला किरणोत्सर्ग कळत नाही

आता शेतकऱ्यांचा प्रश्न. झाडाच्या मुळाला एखादा अणू किरणोत्सर्गी आहे की नाही हे ओळखता येत नाही. त्याला फक्त रसायन कळते. मुळांच्या पेशींना पोटॅशियम, कॅल्शियम, लोह अशा गरजेच्या धातूंसाठी स्वतंत्र दारे असतात. एखादा परका धातू आकाराने आणि विद्युतभाराने गरजेच्या धातूसारखा असला, की तो त्याच दारातून आत येतो. सीझियम पोटॅशियमच्या दारातून शिरते. स्ट्रॉन्शियम आणि रेडियम कॅल्शियमची वाट धरतात.

पोटॅशियम स्वतःही धातूच आहे, आणि त्याचा एक लहानसा भाग, शेकडा ०.०१२, मुळातच किरणोत्सर्गी असतो. पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनचा हा पोटॅशियम-४०, त्याचा अर्धायुकाळ सव्वाशे कोटी वर्षे. जळगाव जिल्हा ज्या केळीवर जगतो, ते पोटॅशियम भरपूर ओढणारे पीक. एका मध्यम केळात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे साधारण १३ बेकरेल सक्रियता. ऐकायला भीतीदायक वाटते, पण तुमच्या-माझ्या शरीरातही पोटॅशियम आहे आणि त्यामुळे प्रत्येक प्रौढ माणसात सुमारे चार हजार बेकरेल सक्रियता कायम असते. केळे खाल्ल्याने ती साठत जात नाही. शरीर पोटॅशियमची पातळी ठरावीक ठेवते आणि जास्तीचे लघवीतून टाकते. पोटॅशच्या पन्नास किलोच्या गोणीजवळ गायगर काउंटर नेला तर त्याची टकटक वाढते. त्याच गोणीशेजारी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बसून डबा खात आले आहेत.

(मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णांना आम्ही केळी कमी करायला सांगतो, ते वेगळे. तिथे पोटॅशियम बाहेर टाकले जात नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध नाही.)

युरेनियमची गोष्ट निराळी आहे. त्याच्यासारखा दिसणारा कोणताही गरजेचा धातू झाडाला लागत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सोयीचे दार नाही. मातीच्या ओलाव्यात ते विरघळते तेव्हा मुळाच्या पेशीभित्तिकेला आणि तिथल्या फॉस्फेटला चिकटते आणि बरेचसे तिथेच अडकते. मुळातून खोडात, खोडातून पानात, पानातून फळात किंवा दाण्यात, अशा प्रत्येक टप्प्यावर प्रमाण घटत जाते. धान्याच्या दाण्यात मातीतल्या प्रमाणाच्या हजारात काही भाग इतकेच पोहोचते. पालेभाजीत त्याहून जास्त, कंदमुळांच्या सालीत आणखी जास्त. त्यातला बराच वाटा मुळाने शोषलेलाही नसतो, सालीला आणि पानाला चिकटलेल्या मातीचा असतो. म्हणून कळण्याच्या भाकरीतली ज्वारी-उडीद, भरताची वांगी आणि केळी ही या बाबतीत सर्वांत निर्धास्त खाण्यासारखी पिके आहेत. मुळा, गाजर, बटाटा, पालक, मेथी नीट धुऊन आणि लागेल तिथे साल काढून खावे, एवढे पुरे.

एकदा मुंबईत लोण्यावरून खटला झाला होता

परका धातू पोटॅशियमच्या दारातून शिरतो, तेव्हा काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सीझियम वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले, पावसाबरोबर गवतावर पडले, गवतातून गायीत आणि गायीतून दुधात आले. त्याच सुमारास ऑपरेशन फ्लडसाठी युरोपीय समुदायाने मदत म्हणून दिलेले आयर्लंडचे लोणी मुंबईत आले होते. हे लोणी लोकांना खाऊ घालू नये, म्हणून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खाण्यास सुरक्षित ठरवले आणि १९८८ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले.

विज्ञानाच्या अंगाने पाहिले तर लोण्यात धोका तसाही कमीच असतो, कारण सीझियम पाण्यात विरघळते आणि ताकात निघून जाते. तरीही मला तो खटला योग्य वाटतो. लोकांनी प्रश्न विचारला, मोजमाप झाले आणि आकडे बघून निर्णय झाला. कोणी कुणाला अडाणी म्हटले नाही.

२०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानने याच ज्ञानाचा शेतात उपयोग केला. भाताच्या खाचरांत पोटॅशची जास्तीची मात्रा दिली. मुळाच्या दाराशी पोटॅशियमचीच इतकी गर्दी झाली की सीझियमला आत शिरायला जागा राहिली नाही. २०१२ पासून फुकुशिमा प्रांतात भाताचे प्रत्येक पोते यंत्राखालून तपासले जाऊ लागले. वर्षाला एक कोटीच्या आसपास पोती, किलोला १०० बेकरेलची मर्यादा. २०१५ च्या पिकापासून एकही पोते मर्यादेपलीकडे गेले नाही. ठिबकमधून केळीला पोटॅश सोडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही युक्ती सांगितली तर तो लगेच समजतो.

खान्देशच्या मातीत काय आहे?

जळगाव आणि धुळे जिल्हे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर, आणि तापीने आणलेल्या गाळावर वसले आहेत. बेसॉल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी असते. किलोला एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. जगातल्या मातीची सरासरी त्याच्या तिप्पट भरते. थोरियमयुक्त वाळूच्या केरळच्या किनाऱ्यावर, करुनागपल्ली भागात, तर नैसर्गिक किरणोत्सर्ग आपल्याहून कितीतरी जास्त आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांचा अनेक वर्षे पाठपुरावा करूनही त्यामुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही.

मग बाहेरून काही येते का? येते. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनते, त्या फॉस्फेटच्या दगडात युरेनियम असतेच. खत बनवताना त्याचा मोठा हिस्सा खतात उतरतो. समजा, एका खतात किलोला १०० मिलिग्रॅम युरेनियम आहे. पन्नास किलोच्या गोणीतून शेतात पाच ग्रॅम जाईल. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात साधारण साडेआठशे टन माती असते. बेसॉल्टच्या मातीत त्यात मुळातले युरेनियमच आठशे-साडेआठशे ग्रॅम भरते. एका गोणीने शेकडा एकही वाढत नाही. पण केळीसारख्या खादाड पिकाला वर्षाला चार गोण्या आणि अशी चाळीस वर्षे, असे धरले तर मातीतले युरेनियम जवळजवळ दुप्पट होऊ शकते. दुप्पट होऊनही ते जगाच्या सरासरीखालीच राहील, आणि त्यातले दाण्यात-फळात हजारात काही भागच पोहोचेल. पिकाच्या बाबतीत म्हणूनच मी निश्चिंत आहे. माती परीक्षण न करता अंदाजाने ओतलेले खत मात्र खिशाला आणि विहिरीला महाग पडते. विहिरीचे पुढे सांगतो.

दुसरा स्रोत म्हणजे भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणची राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारण ३५ ते ४५ टक्के. कोळसा जळून जातो आणि त्यातले युरेनियम-थोरियम राखेत राहते, म्हणजे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढते. राखेचे कण काचेसारखे असतात आणि हे धातू त्यात बंदिस्त असल्याने मुळांना सहज मिळत नाहीत. अशा केंद्राजवळ राहणाऱ्यांना माझा सल्ला असा की, राखेबद्दल तक्रार जरूर करा, पण ‘किरणोत्सर्गी राख’ म्हणून करू नका. कारण मग कोणीतरी यंत्र घेऊन येतो, आकडा कमी दाखवतो आणि फाइल बंद होते. राखेचा खरा त्रास श्वासाचा आहे. दमेकऱ्याला आणि लहान मुलाला बारीक कण फुप्फुसात खोलवर जाऊन इजा करतात, आणि त्यासाठी त्यात युरेनियम असण्याची गरज नाही.

ज्या पिकाची काळजी करायला हवी ते आपण खिशात ठेवतो

एक पीक असे आहे, जे किरणोत्सर्गी धातू गोळा करते आणि माणसापर्यंत पोहोचवतेही. ते म्हणजे तंबाखू. हवेत नैसर्गिक रेडॉन वायू असतो. तो विघटित होत जाऊन शिसे-२१० आणि पुढे पोलोनियम-२१० तयार होते. तंबाखूच्या पानावर चिकट लव असते, तिच्यावर हवेतले हे कण बसतात आणि धुऊनही सहज निघत नाहीत. फॉस्फेट खतातूनही काही भर पडते. म्हणजे इथे धातू मुळापेक्षा पानातूनच जास्त येतो. सिगारेटच्या धुरात पोलोनियम असल्याचे हार्वर्डच्या रॅडफर्ड आणि हंट यांनी १९६४ मध्ये दाखवले. हा पोलोनियम फुप्फुसाच्या नळ्यांच्या फाट्यांवर साचून बसतो.

आपल्याकडे मात्र बिडी-सिगारेटपेक्षा चघळण्याची तंबाखू जास्त. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूररहित तंबाखू घेणारे प्रौढ २४.४ टक्के होते आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. खेड्यातल्या बायका दात घासायला मिसरी लावतात, तीही भाजलेली तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची रसायने आहेत. पोलोनियमचा वाटा त्यामानाने लहान आहे, उगाच फुगवून सांगायचा नाही. पण केळीत किरणोत्सर्ग आहे का, असे विचारताना गालात तंबाखूचा बार धरलेला माणूस समोर बसलेला असतो, तेव्हा मी आधी त्याला तोंड उघडायला सांगतो. तोंडात पांढरा चट्टा असेल, तीन बोटे मावत नसतील किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर त्याच दिवशी पुढची तपासणी करायला हवी.

विहीर आणि बोअर

आता पाणी. पीक जी चाळणी लावते ती पाण्याला नसते. विहिरीत जे आहे ते थेट पेल्यात येते. पंजाब, हरियाणा, राजस्थानात भूजलातले युरेनियम हा खरा प्रश्न आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही आता ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा स्वीकारली आहे. आपला पाषाण वेगळा, म्हणून इथे तो धोका कमी. पण केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात जळगावचे नाव दुसऱ्याच कारणासाठी आले. नायट्रेटचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ यांच्याबरोबर जळगाव आहे. पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते मुख्यतः युरियातून, शेणखताच्या उकिरड्यातून आणि शोषखड्ड्यांतून झिरपते.

या दोन गोष्टींचा संबंधही आहे. अमेरिकेतल्या मोठ्या भूजलसाठ्यांचा अभ्यास केलेल्या संशोधकांना असे दिसले की जिथे नायट्रेट जास्त, तिथे पाण्यात युरेनियमही जास्त उतरते. कारण नायट्रेटमुळे खडकाला घट्ट धरून बसलेल्या युरेनियमचे रूप बदलते आणि ते विरघळू लागते. आपल्या खडकात युरेनियम थोडे असल्याने इथे हा परिणाम तितका होणार नाही. पण बाळाच्या दृष्टीने नायट्रेट एकटेही पुरेसे वाईट आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला अशा पाण्यात कालवलेली पावडर दिली, तर रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही आणि बाळ ओठांपासून निळे पडू लागते. आणि नेमकी इथेच घराघरात एक चूक होते. पाणी उकळले म्हणजे झाले, असे वाटते. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटते आणि नायट्रेट, युरेनियम दोन्हींचे प्रमाण उलट वाढते. तुरटी, कापड, कँडल फिल्टर यांनी ही दोन्ही जात नाहीत. आरओ यंत्राने दोन्ही बरीच कमी होतात.

पाणी तपासायचे असेल तर जळगाव आणि धुळे दोन्हीकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीमार्फत नमुना देता येतो. नेहमीच्या रासायनिक तपासणीत नायट्रेट आणि फ्लोराइड असते. युरेनियम त्यात नसते, ते मुद्दाम मागावे लागते. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा असे दोन नमुने द्या, कारण पहिल्या पावसाबरोबर शेतातला युरिया विहिरीत उतरतो आणि आकडा बदलतो. घरात गरोदर बाई किंवा सहा महिन्यांखालचे बाळ असेल, तर रिपोर्ट येईपर्यंत बोअरचे पाणी वापरायला, पण प्यायला आणि बाळाची पावडर कालवायला आरओचे किंवा तपासलेल्या नळयोजनेचे पाणी घ्या.